वकीलपत्र आणि सदसद्विवेक

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी इतकी रुळलेली होती की, ती दहा आज्ञांच्या पाठोपाठ आलेली अकरावी आज्ञा वाटावी. तिच्यामागे कडू अनुभव होता. बांधावरच्या हातभर जमिनीवरून, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून आजोबाने दावा दाखल करावा आणि नातवाने त्याचा निकाल ऐकावा, असे आपल्या वसईच्या गावांत घडलेले आहे. त्या दाव्यांपायी भाऊ भावाला दुरावले. आणि ज्या जमिनीसाठी भांडण झाले, तिचाच एखादा तुकडा कज्जाच्या खर्चासाठी विकला गेला.

आता त्याच घरांतील मुलेमुली काळा कोट घालून रोज ती पायरी चढतात. धर्मगुरू, शिक्षक, परिचारिका, बँकेतील नोकरी या रुळलेल्या वाटांच्या जोडीला वकिलीची वाटही आपल्या धर्मग्रामांत आता अपरिचित राहिलेली नाही. सनद हाती आली की घरात आनंद होतो, आभाराची मिस्सा अर्पण केली जाते. पण पेढे वाटून झाल्यावर आईच्या मनात एक प्रश्न उरतो आणि तो ती धर्मगुरूजवळ हळूच बोलून दाखवते : ‘फादर, उद्या ह्याला एखाद्या खऱ्याखुऱ्या गुन्हेगाराची बाजू मांडावी लागेल. मग ते पाप नाही का?’

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. ‘धंद्यात हे चालायचेच,’ हे एक. आणि ‘प्रामाणिक माणसाने वकील होऊच नये,’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने सदसद्विवेकबुद्धी न्यायालयाच्या फाटकाबाहेर ठेवली जाते. दुसऱ्याने न्यायालय अप्रामाणिकांच्या हवाली केले जाते. दोन्ही उत्तरे टाळून या प्रश्नाचा विचार करायचा, तर तरुण वकिलाची घडण कशी होते, हे आधी पाहायला हवे.

घडण

बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचा अभ्यास केल्यावर तरुणाला पदवी मिळते; परंतु न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळतो तो १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनुसार राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवल्यावर. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा २०११ साली सुरू झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. ही झाली कागदावरची घडण.

खरी घडण पुढे सुरू होते. एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तो ज्युनिअर म्हणून रुजू होतो. सकाळी बोर्ड पाहायचा, नकला काढायच्या, फायली वाहायच्या, साहेब दुसऱ्या न्यायालयात गुंतले असतील तर न्यायाधीशांपुढे उभे राहून पुढची तारीख मागायची. वैद्यकीचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशी शिकतो, सेमिनरीतील विद्यार्थी धर्मग्रामात शिकतो, तसा वकील न्यायालयाच्या व्हरांड्यात शिकतो. पुस्तकात न आलेल्या कितीतरी गोष्टी तिथे कानांवर पडतात. काही शहाणपणाच्या असतात, काही नुसत्या चलाखीच्या. त्यांतील कोणत्या गोष्टी अंगी मुरतात, यावर त्याची पुढची तीस-चाळीस वर्षे अवलंबून असतात.

बार कौन्सिलने वकिलांसाठी व्यावसायिक आचरणाचे नियम घालून दिलेले आहेत. त्यांतील एका नियमाचा आशय असा की, आरोपी दोषी आहे की निर्दोष, याविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव केला पाहिजे. आईच्या मनातील भीतीला या नियमाने पुष्टीच मिळते. मात्र त्याच नियमावलीत असेही सांगितले आहे की, वकिलाने स्वतःला पक्षकाराचे केवळ मुखपत्र समजू नये; पक्षकार गैरमार्गाने जाऊ लागला तर त्याला आवरावे आणि तो ऐकेनासा झाला तर त्याचे काम सोडून द्यावे. सरकारी बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाला तर स्पष्ट ताकीद आहे की, आरोपीचे निर्दोषत्व सिद्ध करू शकेल असा पुरावा त्याने दडवू नये. म्हणजे एका हाताने नियम तरुणाला सांगतो, ‘दोषी वाटला तरी सोडू नकोस,’ आणि दुसऱ्या हाताने त्याला बजावतो, ‘तुझी बुद्धी आणि तुझा विवेक गहाण टाकू नकोस.’ या दोन आज्ञांचा मेळ कसा घालायचा?

दोषीचा कैवार

बायबलमध्ये एका तरुणाने केलेली उलटतपासणी नोंदलेली आहे. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची कथा येते. दोन प्रतिष्ठित वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा आरोप करतात. ते न्यायाधीश आहेत, वयस्क आहेत, आणि लोकसभा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तिला मृत्युदंड फर्मावते. तेव्हा दानिएल नावाचा कोवळा तरुण ओरडून उठतो. तो त्या दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : तुम्ही त्यांना कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे घेतात आणि सुसान्नेचे प्राण वाचतात. आजही साक्षीदाराची साक्ष चालू असताना पुढच्या साक्षीदाराला बाहेर बसवतात, ते याच कारणासाठी.

या कथेतील मर्म असे की, दानिएल उठेपर्यंत सर्वांना ‘ठाऊक’ होते की सुसान्ना दोषी आहे. तिचे निर्दोषत्व चौकशीनंतर दिसले, आधी नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमही परूश्यांना हेच विचारतो की, माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? ख्रिस्तसभेनेही हे तत्त्व आपल्या घरात पाळले आहे. कुणाला संत म्हणून घोषित करण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या विरुद्ध युक्तिवाद करणारा अधिकारी १५८७ पासून रोममध्ये नेमलेला असे. लोक त्याला थट्टेने ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ च्या सुधारणेपर्यंत ही पद्धत चालली. विवाहविषयक धर्मन्यायालयात विवाहबंधनाची बाजू मांडणारा बंधनरक्षक आजही असतो. दुसरी बाजू भक्कमपणे मांडली गेल्याशिवाय सत्य पुरते उजेडात येत नाही, हा ख्रिस्तसभेचा दीर्घ अनुभव आहे.

२००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ जणांचे प्राण गेले. पकडल्या गेलेल्या कसाबचे वकीलपत्र कुणी घेऊ नये, असे तेव्हा अनेकांना वाटले. २००९ मध्ये त्याच्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलाच्या घरासमोर जमावाने निदर्शने केली. आपल्या लोकलगाड्यांतून रोज छत्रपती शिवाजी टर्मिनसला जाणाऱ्या माणसांचा तो संताप समजण्यासारखा होता. तरीही खटला चालला, वकील उभे राहिले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून त्याची बाजू मांडली आणि २०१२ साली फाशी कायम झाली. अनेकांच्या लक्षात न राहिलेली गोष्ट अशी की, याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपी, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, विशेष न्यायालयात निर्दोष सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. फहीम अन्सारीचे वकील शाहिद आझमी हे स्वतः तरुणपणी तुरुंगवास भोगून कायदा शिकलेले गृहस्थ. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा ते अवघ्या बत्तीस वर्षांचे होते. अशिलाच्या सुटकेचा निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. ‘अशांची बाजू कुणीच घेऊ नये’ हा लोकांचा आग्रह चालला असता, तर त्या दोघांचे काय झाले असते?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये एका निर्णयात स्पष्ट केले की, अमुक आरोपीचे वकीलपत्र कुणीही घेऊ नये असे ठराव करणे वकील संघटनांना शोभत नाही आणि असे ठराव घटनाविरोधी आहेत. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क दिलेला आहे. कॅथलिक नीतिशास्त्राचा कलही याच दिशेने आहे. दोष पुराव्याने सिद्ध झाल्यावाचून शिक्षा होऊ नये, हे समाजाच्या हिताचे आहे. म्हणून फौजदारी खटल्यात दोषी आरोपीचा बचाव करणारा वकील पाप करीत नाही, असे आमचे नीतिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. आईच्या प्रश्नाला एवढे उत्तर निःसंकोच देता येते.

एका तरुण वकिलाची कथा

परंतु प्रश्न इथे संपत नाही. नैतिक ईशज्ञान शिकताना आम्हा सेमिनरीयनांच्या कानांवर ज्यांचे नाव सतत पडे, ते संत आल्फोन्स लिगोरी मुळात वकील होते. १६९६ साली नेपल्सजवळ त्यांचा जन्म झाला. वडील आरमारी अधिकारी, महत्त्वाकांक्षी. दोन्ही कायद्यांची, म्हणजे नागरी आणि धर्मसभेच्या कायद्याची, डॉक्टर ही पदवी त्यांनी १७१३ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी मिळवली. वस्तुतः त्यासाठी वीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. डॉक्टरचा झगा त्या मुलाला इतका मोठा झाला की, तो आत बुडालेला पाहून जमलेले लोक हसले, असे चरित्रकार सांगतात. पुढे आठेक वर्षे त्यांनी नेपल्सच्या न्यायालयांत वकिली केली. त्या काळात ते एकही खटला हरले नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

या तरुण वकिलाने स्वतःसाठी काही नियम आखून घेतले होते. अन्यायाचा खटला घ्यायचा नाही. न्याय्य खटलाही अन्यायाच्या साधनांनी चालवायचा नाही. पक्षकाराला अनावश्यक खर्चात पाडायचे नाही. कागदपत्रे बारकाईने अभ्यासायची. झेपतील त्याहून अधिक खटले घ्यायचे नाहीत. आणि आपल्या हलगर्जीमुळे पक्षकाराचे नुकसान झाले तर ते भरून द्यायचे. आजच्या कोणत्याही ज्युनिअरने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावेत, असे हे नियम आहेत.

१७२३ साली तस्कनीच्या ग्रँड ड्यूकविरुद्धचा एक मोठा मालमत्तेचा दावा त्यांच्याकडे आला. मालमत्ता पाच लाख डुकाट किमतीची होती. आल्फोन्स यांनी प्रभावी भाषण केले. ते संपल्यावर प्रतिपक्षाच्या वकिलाने एक दस्तऐवज त्यांच्यापुढे ठेवला. तो आल्फोन्स यांनी अनेकदा वाचलेला होता. परंतु ज्या मजकुरावर सारा दावा उभा होता, त्याचा अर्थ त्यांनी लावला त्याच्या नेमका उलट होता. त्यांनी तिथल्या तिथे चूक मान्य केली आणि ते न्यायालयातून निघून गेले. त्या निकालामागे राजकीय दबाव होता, असेही काही अभ्यासक मानतात. ते काहीही असो. तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही आणि त्यानंतर वकिलीही केली नाही. १७२६ मध्ये ते धर्मगुरू झाले, १७३२ मध्ये त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापन केला.

ही कथा बहुधा ‘जगाचा त्याग’ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी काही दिसते. आल्फोन्स यांनी न्यायालय सोडले, पण वकिलाची दृष्टी सोडली नाही. त्यांच्या काळी पापनिवेदनाला बसणारे काही धर्मगुरू इतके कठोर होते की, माणूस देवाच्या दारातून निराश होऊन परते. काही इतके सैल की, पापाला पाप म्हणेनात. आल्फोन्स यांनी मधला मार्ग दाखवला. ज्या नियमाविषयीच खरी शंका आहे, तो माणसाच्या विवेकाला बांधू शकत नाही, हे तत्त्व त्यांनी आपल्या विवेचनात मानले. न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. पापनिवेदनाच्या आसनासमोर गुडघे टेकलेल्या माणसालाही तो मिळावा, असे एका माजी वकिलाला वाटले, यात नवल ते काय? १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आणि नीतिशास्त्रज्ञांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

परखणे आणि रचणे

आता आल्फोन्स यांचा ‘अन्यायाचा खटला घेऊ नये’ हा नियम आणि बार कौन्सिलचा ‘मत काहीही असो, बचाव करा’ हा नियम यांत विसंगती नाही का? विसंगती वाटते ती आपण फौजदारी आणि दिवाणी यांची गल्लत करतो म्हणून. फौजदारी खटल्यात एका बाजूला राज्याची सारी शक्ती आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असतो; तिथे वकील त्या माणसाला केवळ आवाज देतो. दिवाणी दाव्यात मात्र दोन्ही बाजूंना माणसे असतात. विधवा भावजयीचे नाव सातबाऱ्यावर येऊ नये म्हणून आणलेला दावा जिंकणे म्हणजे तिच्या ताटातली भाकरी उचलणे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले की, खटला अन्यायाचा आहे हे ठाऊक असताना तो चालवणारा वकील गंभीर पाप करतो. अज्ञानाने घेतला असेल तर तो क्षम्य ठरू शकतो. आणि मध्येच खरे काय ते कळले तर पक्षकाराची गुपिते प्रतिपक्षाला न देता त्याने काम सोडावे किंवा पक्षकाराला तडजोडीला राजी करावे. सातशे वर्षांनंतरही या सल्ल्यात भर घालण्यासारखे फारसे नाही.

फौजदारी बचावालाही सीमा आहेच. ती ‘परखणे’ आणि ‘रचणे’ यांच्यामधून जाते. सरकार पक्षाचा पुरावा परखणे, त्यातील फटी दाखवणे, ‘हे सिद्ध झालेले नाही’ असे म्हणणे हे वकिलाचे कर्तव्य. पण साक्षीदार पढवणे, कागद बनवणे, जे घडलेच नाही ते घडले असे सांगणे म्हणजे असत्य रचणे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करू नये, असे कायदा सांगतो. १८७२ च्या साक्ष अधिनियमात हे संरक्षण होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. पापनिवेदनाच्या मोहरेशी त्याचे थोडे साम्य आहे. परंतु पुढे करावयाच्या बेकायदा कृत्यासाठी सांगितलेल्या गोष्टींना ते संरक्षण नाही. कायदा गुपित सांभाळतो, कट सांभाळत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच आहे. समोरची साक्षीदार खरे बोलते आहे, हे वकिलाला मनोमन ठाऊक आहे. ती अत्याचाराला बळी पडलेली स्त्री आहे, आणि तिची उलटतपासणी त्याला करायची आहे. पूर्वी अशा स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची मुभा कायद्याच्या एका पोटकलमाने दिलेली होती. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने ते पोटकलम वगळण्यात आले. माझा प्रश्न असा : ते पोटकलम अस्तित्वात असताना त्याचा वापर करणारा वकील निष्पाप होता काय? कायद्याने मुभा दिली म्हणून सदसद्विवेकाने दिली, असे होत नाही. अंधार किती होता, अंतर किती होते, ओळख कशी पटली हे तो आदराने विचारू शकतो. कारण त्या उत्तरांवर एका माणसाचे आयुष्य अवलंबून आहे. तिला अपमानित करून गप्प बसवणे हा मात्र बचाव नव्हे. तो दुसरा अत्याचार होय.

लहान गोष्टींची परीक्षा

गाजलेले खटले बहुतेक वकिलांच्या वाट्याला येतच नाहीत. त्यांची परीक्षा लहान गोष्टींत होते. ‘साहेब आजारी आहेत’ असे सांगून तारीख मागताना साहेब खरोखर आजारी आहेत का? प्रतिज्ञापत्रावर सही घेताना त्या अडाणी आजीला ते वाचून दाखवले का? निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे आपल्याकडे नियमबाह्य आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईत जखमी माणसाच्या हाती नेमके किती पडले? पहिले खोटे नेहमी किरकोळ असते. पण पाण्याने बांध फुटतो तो एका खेकड्याच्या बिळातून.

या परीक्षेत तरुणाला एकटे सोडून चालणार नाही. ज्युनिअरला कित्येक चेंबरांत प्रवासखर्च निघेल एवढेही मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. उपाशी ठेवलेल्या विवेकाला मोह लवकर गाठतो. आपल्यातले ज्येष्ठ वकील हाताखालच्या मुलांना योग्य मोबदला देतात का, हा केवळ व्यवहाराचा प्रश्न नाही, न्यायाचा प्रश्न आहे.

आणि आपण पक्षकार? ‘काहीही करा, पण मला जिंकून द्या,’ असे वकिलाला सांगणारे आपणच ना? काम जमवणाऱ्या दलालाला कमिशन देणाऱ्या वकिलाकडे आपण जातो, आणि खरे सांगणाऱ्या वकिलाला ‘याला जमत नाही’ म्हणून सोडतो. मोहनदास गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टातील त्यांच्या पहिल्या खटल्याची फी तीस रुपये होती आणि दलाली देण्याचे त्यांनी साफ नाकारले. उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ते खाली बसले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवायला सांगितले. त्या दिवशी त्यांना पाहून कुणीही म्हटले असते, ‘याचे काही खरे नाही.’ पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यात त्यांनी दोन नातलग व्यापाऱ्यांना लवादाकडे नेले आणि हरलेल्याचे दिवाळे निघू नये म्हणून जिंकणाऱ्याला हप्त्यांनी पैसे घ्यायला राजी केले. दुरावलेल्यांना जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हे आपल्याला तेव्हा कळले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. न्यायालयाच्या वाटेवर असतानाच प्रतिवाद्याशी समेट करावा, हा प्रभू येशूचा उपदेश याहून वेगळा तो काय?

कैवारी

मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी एक सुंदर शब्द योजलेला आहे : कैवारी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, हाकेसरशी बाजूला येऊन उभा राहणारा. उलट, ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा अर्थ विरोधक, आरोप करणारा. ज्या धर्माने देवाला कैवारी म्हटले, त्या धर्मातील आईने आपल्या मुलाच्या काळ्या कोटाची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र तोच आत्मा सत्याचा आत्मा आहे, हेही त्याच शुभवर्तमानात आले आहे. कैवार आणि सत्य यांची जिथे फारकत होते, तिथे वकीलपत्र उरते, वकील उरत नाही.

म्हणून, मातांनो, आपल्या मुलाला ‘गुन्हेगाराची बाजू घेऊ नकोस’ असे सांगू नका. त्याला सांगा, ‘ज्याच्या बाजूला कुणीच नाही, त्याच्या बाजूला उभा राहा, पण त्याच्यासाठीदेखील खोटे बोलू नकोस.’ आणि आपल्या घरातला बांधाचा, वाटणीचा वाद घेऊन त्याच्याकडे जाल, तेव्हा त्याने ‘काका, हे तुमचे नाही, भावाला देऊन टाका,’ असे म्हटले, तर रागावून दुसरा वकील शोधू नका. त्याची फी त्याला द्या. तिच्याइतका सत्कारणी लागलेला पैसा कोर्टाच्या आवारात क्वचितच कुणी खर्च केला असेल.